थांब्या म्हसोबाची जागा

मी बोलतोय. हो, इकडं, या हातगाडीवर. पण आधीच सांगतो, हात जोडू नका. पिशवीतला नारळ पिशवीतच राहू द्या. अहो, मी दगड आहे, साधा काळा दगड! इतकी वर्षं लोकांनी मला देव म्हणून पुजलं, त्यात माझी काही चूक नाही, आणि खरं विचाराल तर छबुबाईचीही नाही. पण आज त्याचा निकाल लागायचाय आणि माझा जीव टांगणीला लागलाय. दगडाला कसला जीव, असं म्हणाल. म्हणा. गाडी जिथं चाललीय तिथं पोचेपर्यंत माझी हकिकत तेवढी ऐकून घ्या.

पाटोद्याकडच्या एका डोंगराच्या पोटात मी जन्मलो. पाथरवटांनी मला फोडून काढलं, डोकं गोल केलं, पोट सपाट केलं. तिथं छिन्नीनं दोनच गोष्टी कोरल्या: एक गावाचं नाव, एक आकडा. बीड ३१. मग डोक्याला पिवळा रंग, पोटाला पांढरा, अक्षरांत काळा भरून मला गेवराईच्या बाहेर रस्त्याच्या कडेला निम्मा गाडून उभा केला.

तेव्हा माझा काय रुबाब होता महाराजा! सरकारी नोकर होतो मी. ऊन असो, धूळ असो, रजा म्हणून माहीत नाही. आणि खोटं तर कधी बोललोच नाही. मोटारसायकलवरचा नवरा मागच्या बायकोला सांगायचा, "आलंच आता बीड, हे काय!" आणि नेमका मी समोर यायचो. मग त्या माउलीनं त्याच्या पाठीत जो धपाटा घालावा! किती नवरे माझ्यामुळं उघडे पडले, देव जाणे. म्हणजे तो वरचा देव, मी नव्हे.

दसरा झाला की माझ्यासमोरून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर जायचे. ट्रॉलीत बाजा, भांडी, कोंबड्या, लेकरं, आणि सगळ्यांच्या वर ओढणीत डोकं गुंडाळून बसलेल्या बाया. त्या मला वाचायच्या नाहीत. टोळी जिथं उतरेल तिथं त्यांचं बिऱ्हाड, बीड किती लांब याच्याशी त्यांना काय करायचंय? त्यातच कधीतरी छबुबाई गेली असणार. मी तिला तेव्हा ओळखलं नाही.

पुढं रस्ता रुंद करायचं निघालं. जेसीबी आला, त्यानं मला मान धरून उपटलं आणि मी कंबरेत मोडलो. खालचा तुकडा मातीतच राहिला. वरचा मी, शेजारच्या रानाच्या बांधाला फेकला गेलो, तोंड मातीत, पाठ उन्हात. चाळीस मीटरवरून गाड्या पळत होत्या आणि बीड किती राहिलं हे त्यांना सांगायला मी तिथं नव्हतो. नव्या रस्त्याला नवे चकचकीत फलक लागले. मला कुणी विचारलं नाही.

ते रान गहिनीनाथ नानांचं. नाना म्हणजे मोठी असामी. चार गावांत सोयरे, सगळ्या पक्षांत ओळखी, पांढरे कपडे, पायात करकरणारी चप्पल. रान काही पिकवत नव्हते. बायपास जवळून गेल्यापासून ते नुसतं धरून ठेवलं होतं, आज ना उद्या सोनं होईल म्हणून.

अशात एक दिवस छबुबाई आली. सोबत तिची लेक बबिता. जन्मभर उसाच्या मोळ्या वाहून छबुबाईची पाठ गेली होती, म्हणून टोळीवाले तिला नेईनात. नवरा गेला, गावातलं मातीचं घर पडलं, आणि पडलेल्या घराची जागा भावकीनं कधी गिळली ते हिला कळलंही नाही. बबिताला नवऱ्यानं टाकलेली. ती धाब्यावर भांडी घासायची. दोघींनी बांधाच्या कडेला ताडपत्रीचं पाल ठोकलं आणि मला कपडे धुवायला घेतलं. माझी पाठ सपाट, धुणं छान निघायचं. साबणाचं पाणी अंगावरून ओघळायचं तेव्हा मला पुन्हा कामाला लागल्यासारखं वाटायचं. ते दिवस चांगले होते हो.

मग नानांचा ट्रॅक्टरवाला सांगून गेला, "बाई, उद्या सकाळी नांगर घालायचाय बांधापस्तोर. पाल काढ न्हाईतर पालासगट नांगरीन."

बबिता रडकुंडीला आली.  छबुबाईनं मात्र पहाटे उठून ट्रंकेतली देवाची डबी काढली. आता इथं एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ऊसतोडीची टोळी जिथं कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालते, तिथं आधी एखादा दगड मांडते आणि त्याला शेंदूर लावते. परक्या मुलखात राखणीला कुणीतरी पाहिजे ना! आणि हंगाम संपला की ज्या हातानं तो मांडला त्याच हातानं उचलायचा, कालव्याच्या पाण्यात सोडायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. छबुबाईनं जन्मभर हेच केलेलं. तिनं फार विचार काही केला नाही. तिनं मला लोळवत बांधावर आणला, डोकं वर करून उभा केला, तेलात शेंदूर कालवला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत माखला. माझी अक्षरं मातीनं आधीच बुजलेली, ती शेंदरात पार गडप झाली.

"दगडा," ती हळूच म्हणाली, "आज माजी लाज राख. परत तुला धुण्याला घेती."

ट्रॅक्टर आला, घरघरला, आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं चप्पल काढली, हात जोडले, आणि ट्रॅक्टर माघारी वळवला. ट्रॅक्टर थांबवला म्हणून माझं नाव पडलं थांब्या म्हसोबा. झालं! मी देव झालो.

नाना तणतणत आले. "कसला म्हसोबा न् कसलं काय! बाईनं धोंडा उभा केलाय बे, उपटा त्याला!" पण त्यांचे गडी एकमेकांकडं बघत राहिले. कुणी हात घालीना. शेवटी नाना नाक मुरडून निघून गेले.

हळूहळू बांधाला पालं वाढली. भंगार वेचणारे आले, स्टँडवर हमाली करणारे आले. ज्यांना कुठंच थारा नव्हता त्यांना माझ्या आडोशाला मिळाला. ट्रकवाले थांबून नारळ फोडू लागले. थरावर थर चढून मी चांगला जाडजूड झालो. लोकांसमोर छबुबाई मला देवा म्हणायची आणि आम्ही दोघंच असलो की दगडा. ते मला बरं वाटायचं. निदान एक माणूस तरी मला ओळखून होतं.

पण एकदा बबिताला ताप आला. लई जोराचा. छबुबाईनं माझ्यापुढं डोकं टेकलं आणि ते उचलेचना. "देवा, एकुलती एक हाय रे, तेवढी ठेव." आसपास कुणी नव्हतं. ती खरंच मला म्हणत होती. मी जेवढा घाबरलो तेवढा जेसीबीलाही घाबरलो नव्हतो. ताप उतरला तो सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी. पण त्या दिवसापासून तिनं मला पुन्हा कधी दगडा म्हटलं नाही.

यंदा शिमग्याच्या सुमाराला रोहिणी मॅडम आल्या. नगरपरिषदेत बेघरांचं काम त्या बघतात. पालापालांतून फिरल्या, छबुबाईच्या दारात बसल्या, काळा चहा प्यायल्या. म्हणाल्या, "मावशी, नगरपरिषद ही जागा घेणार आहे. पुढं निवारा केंद्र, मागं घरकुलं. आणि इथं राहणाऱ्यांना आधी."

छबुबाईला खरंच वाटेना. "आमाला कावून? आमी कुणाचे कोण?"

"शहरात राहता म्हणून. पण पावसाळ्याच्या आत जागा ताब्यात येऊन पायाचं काम सुरू झालं पाहिजे. नाहीतर मंजुरी जाईल, मग मलाही काही करता येणार नाही."

त्या रात्रीपासून मायलेकींचं एकच चाललं. दार कुठल्या तोंडाला करायचं, चूल कुठं मांडायची. छबुबाई म्हणाली, "मला बाई कडी पायजे दाराला. आतून लावायची कडी." जिचा जन्म बिनदाराच्या कोपीत आणि पालात गेला ती बाई दुसरं काय मागणार? मी ऐकत होतो आणि मला आनंदच होत होता. काय येडा होतो मी!

कारण आठ दिवसांत नाना आले. करकरणारी चप्पल लांबच काढून, अनवाणी. माझ्यासमोर लोटांगण घातलं. उठले तेव्हा डोळ्यांत पाणी! दुसऱ्या दिवशी माझ्यावर पत्र्याचं शेड चढलं, भगवा लागला, भोंगा लागला. नगरपरिषद भरपाई देत होती, पण नानांना त्या भावात रान सोडायचं नव्हतं. आणि रान वाचवायला त्यांना मी सापडलो. "थांब्या म्हसोबा जागृत हाय," भोंग्यातून आवाज येऊ लागला, "देवाची जागा घेऊ देणार न्हाई!" गावोगावचे भोळे लोक गोळा झाले. त्यांचा काय दोष? त्यांची माझ्यावर खरी श्रद्धा होती.

बघा आता. ज्या दगडानं छबुबाईचं पाल वाचवलं, तोच तिच्या घराच्या आड आला. मला सरकता येईना, बोलता येईना. रोज सकाळी गळ्यात हार पडायचे आणि मला ते फासासारखे वाटायचे.

जागेवरच बैठक ठरली. मॅडम, नाना, शे-दोनशे माणसं. मॅडमनी समजावून पाहिलं, की देवाला सन्मानानं दुसरीकडं नेऊ. लोक उसळले. तेव्हा छबुबाई उभी राहिली. 

"ऐका वो. ह्यो देव म्या मांडला. ह्याच हातानं शेंदूर लावला. नांगर येऊ न्हाई म्हून."

 मला वाटलं, सुटलो! पण नाना कसले कच्चे? त्यांनी माइक हातात घेतला. "बघा! बघा देवाची करणी! एवढे मोठमोठे लोक सोडून देव गरिबाच्या हातून प्रगटला! छबुबाईचा हात म्हंजी देवाचाच हात!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन बाया तर छबुबाईच्याच पाया पडल्या. ती बिचारी खरं बोलली आणि मी आणखीच मोठा देव झालो.

तेवढ्यात मागून धुळाजी उठला. धुळाजी म्हणजे पंचक्रोशीतला म्हातारा भगत. कमी बोलतो, पण त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. "नाना, पुन्यांदा सांगा. कुणाच्या हातून देव आला म्हनता?"

"छबुबाईच्या! सांगितलं की."

"मग भांडताव कावून? ज्यानं मांडला त्यानं उचलायचा. कोपीवरचा देव तसाच ऱ्हातो, आजे-पणज्यापासून. तिनं उचलला तर दोष न्हाई. दुसऱ्यानं आडवा हात घातला तर हाय."

नाना आपल्याच बोलण्यात अडकले. त्यांचा स्वतःचा भोंगा, त्यांचे स्वतःचे शब्द! छबुबाई पुढं आली. पदर खोचला, माझ्या बुडाशी हात घातला. पाठीतून कळ गेली असणार, तिनं ओठ चावला. मग पालातल्या बाया आल्या, पण तिनं आधी उचललं आणि मगच त्यांनी हात लावले. मला बाजेवर ठेवताना पोटावरच्या शेंदराला तडा गेला आणि एक खपली गळाली. बबिता कारखान्यावरच्या साखरशाळेत चौथीपर्यंत शिकलेली. ती वाकली, तिनं वाचलं, आणि पटकन माझ्यावर पदर टाकला. आईला तिनं काहीच सांगितलं नाही. देव म्हणून आईचा जीव माझ्यात गुंतलाय, हे तिला ठाऊक होतं.

पालं हलली. सगळ्यांना तात्पुरतं बाजाराच्या जुन्या ओट्यावर ठेवलं. जागेभोवती तार ओढली, फलक लागला. मला कालव्यात सोडायला छबुबाईचं मन होईना, तिनं मला उशाशी ठेवलं. रोज विचारायची, "देवा, किती राहिलं आता?" मी आयुष्यभर तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देत आलो होतो. पण तिच्या घराचं अंतर माझ्यावर कुणी कोरलं नव्हतं.

आणि काल दुपारी बबिता धापा टाकत आली. "आये, आपल्या जागंवर दुसरा म्हसोबा बसलाय!"

माझ्याच खड्ड्यात, माझ्यापेक्षा मोठा, ताज्या शेंदराचा, वर चांदीचे डोळे. नाना सांगत होते, देव आपला आपण माघारी आला. पाया खणायला आलेली माणसं कुदळी टाकून बाजूला बसली. मॅडम फोनवर फोन लावत होत्या. धुळाजीनं सगळ्यांना विचारलं, "कुणी मांडला ह्यो?"  ज्यानं मांडला त्यानंच उचलायचा, आणि मांडणारा तर तोंड उघडत नाही. मग उचलणार कोण? आता पावसाला कितीसा वेळ राहिलाय!

छबुबाई दिवस मावळेपर्यंत माझ्यासमोर बसली होती. आज सकाळी उठली आणि तिनं कोयता काढला. ऊसतोडीचाच, इतकी वर्षं जपून ठेवलेला. माझ्यापुढं डोकं टेकलं.

"देवा, मला माफ कर. म्या माजा शेंदूर काढला तर त्यो दुसराबी कुनी खरवडंल. मला घर पायजे. म्या लई पापी हाय, पर मला घर पायजे."

आणि तिनं मला खरवडायला सुरुवात केली. ती रडत होती आणि खरवडत होती. थरामागून थर निघत होते. किती हलका होत गेलो मी! तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, पाप नाही हे, हेच तर मला हवं होतं. शेवटी तिनं माझ्या पोटावर पाणी ओतलं, आणि काय निघालं ते बबितानं मोठ्यानं वाचलं. "बीड एकतीस."

छबुबाईनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "म्हंजी? रस्त्याचा दगड व्हय ह्यो?"

"व्हय आये."

तिनं डोळे पुसले. मग तिला हसूच फुटलं. "आन् मी इतकी वर्सं ह्याला डोकं टेकतीया! आधी सांगायचं न्हाई व्हय रे मेल्या!" मला एक चापट मारली. कित्येक वर्षांनी मला आमची जुनी छबुबाई भेटली.

तर अशी ही हकिकत. आता गाडी थांबलीय. मला त्या नव्या देवाशेजारी उभा केलाय, उघडा, रंग उडालेला, कंबरेत मोडलेला. माणसं जमलीत. मॅडम आहेत, नानाही आहेत. छबुबाईनं कोयता दांड्याकडून पुढं धरलाय.

"ह्यो माजा देव. म्याच मांडला, म्याच खरवडला. त्याच्या पोटात हे निघालं. आता त्या दुसऱ्याच्या पोटात काय हाय ते कोण बघतं? धरा कोयता. कुनीबी धरा."

कुणीच पुढं येत नाही.  धुळाजी नव्या दगडाकडं बघतोय, मग माझ्याकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. नाना तर एकाएकी कुणाचा तरी फोन आल्यासारखं करतायत. आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी माझ्याकडं बघत हळूहळू दोन्ही हात वर उचलतेय.

आजे, नको. हात खाली घे. तुला वाचता येत नसेल तर बबिता वाचून दाखवील. तुम्ही बाकीचे, तुम्हाला तर येतं ना वाचता? मग वाचा. मी जन्मात एकदाही खोटं बोललो नाही, आताही बोलत नाही. मला खुशाल पुन्हा धुण्याला घ्या, नाहीतर घराच्या पायात पुरा. पण कुणीतरी तिच्या हातातला तो कोयता घ्या. आभाळ भरून आलंय आणि छबुबाईला अजून दाराला कडी नाही.